देठ सुटला तरी घड उचलला: व्हिडिओ मॉडेलला रोबोच्या कामाचं वळण लावताना

द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये घड कसा उचलतात ते डोळ्यांसमोर आणा. मण्यांना बोट लागू द्यायचं नाही, कारण मण्यावरची ती पांढुरकी झाक पुसली गेली की माल शिळा दिसतो. चिमटीत देठ धरायचा, कात्रीने खराब मणी काढायचे आणि घड पनेटमध्ये, म्हणजे विक्रीच्या छोट्या डब्यात, अलगद टेकवायचा. हेच काम टेबलावर बसवलेल्या रोबोच्या हाताला शिकवायचं आहे आणि त्यासाठी व्हिडिओ तयार करणारं मॉडेल वापरायचं आहे, असं धरू. मॉडेलला पहिली फ्रेम दिली, पुढच्या पाच सेकंदांच्या कमांड दिल्या. कमांडमध्ये मुद्दाम एक चूक ठेवली: ग्रिपर (रोबोची चिमटी) देठाच्या चार सेंटिमीटर अलीकडेच मिटतो. मॉडेलने सुरेख व्हिडिओ काढून दिला. सावल्या बरोबर, मण्यांची चकाकी बरोबर. आणि घड उचललाही गेला! देठ आपणहून सरकत ग्रिपरपाशी आला.

मॉडेलने इथे कमांड वाचलीच नाही, अंदाज बांधला. त्याने ज्या असंख्य व्हिडिओंवर शिक्षण घेतलं त्यात हात वस्तूजवळ गेला की वस्तू उचलली जातेच. न उचलल्याचे व्हिडिओ कोण टाकतो? त्यामुळे ‘हात जवळ आला’ एवढ्यावरून ते पुढचं सगळं ठरवून मोकळं होतं. अशा व्हिडिओवर रोबोला शिकवलं तर चार सेंटिमीटर अलीकडे मिटणंही त्याला बरोबर वाटू लागेल.

नाशिक जिल्ह्यात या कामाची गरज हंगामामुळे जास्त आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी, आणि माल मुख्यतः जानेवारी ते एप्रिल. (कसमादे, म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा पट्ट्यातला अर्ली माल थोडा आधी येतो.) निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतकडची पॅकहाउसं तेवढे महिने धडाक्यात चालतात आणि मग थंडावतात. ऑगस्टमध्ये रोबोचं नवं सॉफ्टवेअर तपासायचं तर टेबलावर ठेवायला घडच नाही. हंगामात गोळा केलेल्या चित्रीकरणातून असं मॉडेल घडवता आलं, जे कुठल्याही कमांडला खरा घड कसा वागेल ते दाखवेल, तर पावसाळ्यातही काम चालू राहतं. अट एकच: मॉडेलने सांगितलेलं ऐकलं पाहिजे, मिलिमीटरमध्ये आणि मिलिसेकंदांमध्ये.

नुसत्या वाक्याने हे होत नाही. २०२३ मध्ये युनिपाय नावाच्या कामात वाक्यावरून व्हिडिओ तयार करायचा आणि त्या व्हिडिओवरून हाताच्या हालचाली उलट काढायच्या, अशी पद्धत मांडली गेली. कल्पना चांगली, पण ‘घड उचलून पनेटमध्ये ठेव’ या वाक्यात कुठून यायचं, किती वेगाने, ग्रिपर किती मिटायचा यातलं काहीच नसतं. वाक्य काम सांगतं, हालचाल सांगत नाही. म्हणून मॉडेलला थेट हालचालीचे आकडे द्यावे लागतात. पुढचं सगळं त्याबद्दल आहे.

देठ किती पिक्सेलचा?

सगळ्यात आधी हा हिशोब करा, कारण तो चुकला तर पुढची मेहनत वाया जाते.

उदाहरणाला वान २.१ हे मॉडेल घेऊ. अलिबाबाने ते फेब्रुवारी २०२५ मध्ये खुलं केलं. त्याचं १.३ अब्ज पॅरामीटरचं लहान रूप साध्या ग्राफिक्स कार्डावरही चालतं. ८३२ बाय ४८० च्या ८१ फ्रेम ते एका वेळी तयार करतं. आत मात्र ते पिक्सेलवर काम करत नाही. आधी चित्र लांबी-रुंदीत ८ पटींनी आणि वेळेत ४ पटींनी आवळलं जातं. ८१ फ्रेमचे २१ लेटंट (आवळलेल्या फ्रेम) होतात: पहिली फ्रेम एकटी, मग चार-चारचा एक गट. लेटंटचा आकार १०४ बाय ६०. त्याचे २ बाय २ चे तुकडे केले की ५२ × ३० × २१ = ३२,७६० टोकन, म्हणजे मॉडेल हाताळतं ते तुकडे.

आता टेबलाकडे या. वरच्या कॅमेऱ्यातून ६० सेंटिमीटर रुंदीचं टेबल दिसत असेल तर एका मिलिमीटरला १.४ पिक्सेलच्या आसपास येतात. देठ जेमतेम ४ मिलिमीटर जाड, म्हणजे साधारण साडेपाच पिक्सेल. लेटंटचा एक चौकोन ८ पिक्सेलचा. म्हणजे देठ एका चौकोनातही पूर्ण मावून वर जागा उरते. ग्रिपरच्या जिभा देठाच्या दोन्ही बाजूंना आहेत की एकाच बाजूला, हा फरक दाखवायला मॉडेलकडे जागाच नाही. तुम्ही कितीही डेटा ओता, जी गोष्ट चित्रात नाही ती शिकवता येत नाही.

उपाय म्हणजे मनगटावर दुसरा कॅमेरा. त्याला ग्रिपरच्या टोकाशी १५ सेंटिमीटर रुंदीचा भाग दिसू द्या. दोन्ही कॅमेरे एकाच फ्रेममध्ये शेजारी-शेजारी ठेवायचे, पण निम्मे-निम्मे नको. मनगटाच्या कॅमेऱ्याला ५१२ पिक्सेल रुंदी द्या, वरच्याला ३२०. दोन्ही आकड्यांना १६ ने भाग जातो, त्यामुळे तुकड्यांची शीव बरोबर दोन चित्रांच्या मधोमध पडते आणि एका तुकड्यात दोन चित्रं मिसळत नाहीत. मनगटाच्या चित्रात आता देठ १३-१४ पिक्सेलचा झाला, पावणेदोन चौकोन. हे काठावरचंच आहे, पण देठ धरला की सुटला हे ओळखू येतं. शिवाय दोन चित्रं एकत्र असल्यामुळे वरच्या चित्रात घड वर गेला आणि मनगटाच्या चित्रात चिमटीत काहीच नाही, अशी विसंगती मॉडेल लवकर टाळायला शिकतं.

एका मण्याएवढी चूक

कॅमेरा आणि कमांड यांच्या वेळा जुळवणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि नियंत्रण सगळ्यात जास्त बिघडतं तेही इथेच.

कॅमेरे बहुधा सेकंदाला ३० फ्रेमला चालतात आणि वान सेकंदाला १६ फ्रेमच्या व्हिडिओवर शिकलेलं आहे. म्हणून ३० चे १६ करायचा मोह होतो. करू नका. ३० ला १६ ने सरळ भाग जात नाही, त्यामुळे कधी दोन फ्रेमचं अंतर पडतं, कधी एकाचं, आणि एकसारख्या वेगाने जाणारा हात व्हिडिओत मध्येच आचके देतो. एक सोडून एक फ्रेम घ्या, १५ चा वेग ठेवा. मॉडेलला तेवढा फरक जाणवत नाही.

१५ च्या वेगाला एक फ्रेम ६६.७ मिलिसेकंदांची. हात सेकंदाला २५ सेंटिमीटर जात असेल तर तेवढ्या वेळात तो १६.७ मिलिमीटर पुढे सरकतो. निर्यातीच्या मण्याचा व्यासच १६ ते १८ मिलिमीटर असतो. म्हणजे नोंदीत एका फ्रेमची गल्लत झाली की मॉडेलच्या लेखी हात एक मणीभर बाजूला असतो, आणि देठ तर त्याच्या एक चतुर्थांश जाडीचा. मग मॉडेल काय करतं? कमांड आणि चित्र यांचा मेळ बसत नाही असं पाहून कमांडकडे दुर्लक्ष करायला शिकतं. दोष डेटाचा असतो आणि लोक मॉडेल बदलत बसतात.

वेळ मोजायची सोपी रीत: रोबोच्याच कंट्रोलरला एक एलईडी जोडा आणि तो कॅमेऱ्याच्या चौकटीत ठेवा. एलईडी लावल्याची वेळ लॉगमध्ये येते, तो पेटलेला पहिल्यांदा दिसतो त्या फ्रेमची वेळ वेगळी येते. पन्नास वेळा करून फरक लिहून काढा. फरक कायम ८० मिलिसेकंदांच्या आसपास निघाला तर चिंता नाही, तेवढे वजा करायचे. पण तो कधी ५० आणि कधी १३० येत असेल तर तो कॅमेरा बाजूला ठेवा किंवा त्याला यूएसबीचा स्वतंत्र पोर्ट द्या. दोन कॅमेरे एकाच हबवर टाकले की हा घोळ हमखास होतो.

एवढं करूनही एका फ्रेमची चूक राहते, कारण लॉगमधला क्रमांक ‘या फ्रेमची कमांड’ आहे की ‘पुढच्या फ्रेमला नेणारी कमांड’ यात कुणीतरी गोंधळ घालतं. तपासणी अशी: हाताच्या भागातला ऑप्टिकल फ्लो (दोन फ्रेममध्ये पिक्सेल किती सरकले ते) मोजून प्रत्येक फ्रेमला किती हालचाल आहे त्याचा आलेख काढा. लॉगमधून हाताच्या वेगाचा आलेख काढा. एक आलेख दुसऱ्यावर सरकवत पाहा, जास्तीत जास्त जुळणी शून्य सरकवण्यावर आली पाहिजे. एकावर आली तर क्रमांक चुकलेत. प्रत्येक दिवसाच्या रेकॉर्डिंगवर हे चालवावं, एकदाच करून भागत नाही.

प्रकाशाचं थोडक्यात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. एक्सपोजर १/१०० किंवा १/५० सेकंदावर पक्कं करा, नाहीतर चित्रात आडवे पट्टे फिरतात आणि मॉडेल तेही इमानेइतबारे शिकतं. ऑटो एक्सपोजर, ऑटो फोकस, ऑटो व्हाइट बॅलन्स तिन्ही बंद. ऑटो एक्सपोजरचा आणखी एक छुपा त्रास आहे: पत्र्याच्या शेडमध्ये संध्याकाळी उजेड कमी झाला की बरेचसे वेबकॅम न सांगता फ्रेमचा वेग निम्मा करतात. लाइट जाऊन जनरेटरवर आल्यावरचं चित्रीकरण वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

हात आणि वरचा कॅमेरा एकाच प्लेटवर बोल्टने घट्ट बसवा. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींत १० मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियम प्लेट हव्या त्या भोकांसह कापून देणारी वर्कशॉपं भरपूर आहेत. कॅमेरा तिवईवर आणि हात टेबलावर ठेवला की क्रेटचा एक धक्का आणि सकाळचं कॅलिब्रेशन संपलं. आणि निफाडकडच्या जानेवारीच्या गारठ्यात सकाळी हात सुरू केल्या केल्या रेकॉर्डिंग करू नका. गिअरमधलं ग्रीस घट्ट असतं. दहा-पंधरा मिनिटं रिकामा फिरवून मग कामाला लावा.

कमांडचे आकडे कसे लिहायचे

प्रत्येक क्षणासाठी दहा आकडे: ग्रिपरच्या टोकाची जागा तीन, दिशा सहा, ग्रिपर एक. दिशेला सहा आकडे कशाला, तर कोन लिहिले की १७९ अंशांवरून एकदम उणे १७९ वर उडी पडते. हात तसूभर फिरलेला, आकडा मात्र साडेतीनशेने बदललेला. क्वाटर्नियनमध्ये (दिशा चार आकड्यांत लिहायची पद्धत) एकाच दिशेचे दोन आकडे असतात, चिन्ह उलटं केलेले. त्याऐवजी फिरवण्याच्या मॅट्रिक्सचे पहिले दोन स्तंभ जसेच्या तसे द्यायचे. ही रीत २०१९ पासून रूढ आहे आणि तिच्यात उड्या नाहीत.

जागा वरच्या कॅमेऱ्याच्या अक्षांमध्ये लिहा, हाताच्या बुडख्यापासून नव्हे. मॉडेल चित्र बघतं, त्याला ‘उजवीकडे’ म्हणजे चित्रातलं उजवीकडे. आणि सगळे आकडे त्या क्लिपच्या पहिल्या फ्रेमपासूनचा फरक म्हणून द्या. एकसारख्या मापात आणताना सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा धरू नका. एखादा एन्कोडर (सांध्याचा कोन मोजणारा सेन्सर) एकदा वेडावाकडा आकडा देतो आणि बाकीचा सगळा डेटा शून्याजवळ चिरडला जातो. १ ते ९९ पर्सेंटाइल घ्या, म्हणजे दोन्ही टोकांचे एक-एक टक्का आकडे सोडून.

ग्रिपरच्या आकड्याबाबत एक गोष्ट फार जपायला हवी. सर्व्हो (सांधा फिरवणारी मोटर) दोन आकडे देतो: मिटायला सांगितलं ते आणि प्रत्यक्ष किती मिटला ते. प्रत्यक्ष आकडा जास्त खरा, म्हणून तोच मॉडेलला द्यावा असं वाटतं. पण देठ चिमटीत आला तर ग्रिपर ४ मिलिमीटरवर अडतो, नाही आला तर शून्यापर्यंत मिटतो. म्हणजे प्रत्यक्ष आकडा दिला की पेपर फुटला. मॉडेल चित्र न बघता आकड्यावरून निकाल सांगतं, ट्रेनिंगमध्ये अप्रतिम दिसतं, आणि नव्या कमांड तपासायला घेतल्यावर तोंडघशी पडतं, कारण तेव्हा प्रत्यक्ष आकडा कुणाकडेच नसतो. ग्रिपरला नेहमी सांगितलेला आकडाच द्या. हाताच्या जागेसाठीही, रोबोचं सॉफ्टवेअर तपासायचं असेल तर सांगितलेलेच आकडे हवेत. सर्व्हो मागे रेंगाळतो ते मॉडेलने शिकायचं.

आकडे मॉडेलमध्ये कुठे घुसवायचे

चार फ्रेमचा एक लेटंट, म्हणजे २६७ मिलिसेकंद. कमांड ३० हर्ट्झने नोंदवल्या असतील तर एका लेटंटच्या वाट्याला ८ कमांड येतात, ८ × १० = ८० आकडे. त्यांची सरासरी काढायची नाही. ग्रिपर मिटण्याचा क्षण या २६७ मिलिसेकंदांच्या आतच कुठेतरी असतो आणि सरासरीत तो विरघळून जातो. ८० च्या ८० आकडे ओळीने एका लहान एमएलपीतून (साध्या न्यूरल नेटवर्कमधून) न्या आणि त्यातून निघालेला वेक्टर त्याच लेटंटच्या टोकनांना लावा, प्रत्येक थरातल्या स्केल-शिफ्टमध्ये (थरातले आकडे गुणून-सरकवून बदलणारी पायरी) मिळवून. पूर्ण क्लिपच्या कमांडचा एकच गाठोडं-वेक्टर करून सगळ्यांना वाटला, तर हात योग्य ठिकाणी पोचतो पण कधी पोचतो त्याचा नेम राहत नाही.

वानच्या १.३ अब्जवाल्या मूळ रूपाला पहिली फ्रेम देण्याची सोय नाही, ते वाक्यावरून व्हिडिओ करतं. ती सोय आपण करायची: पहिल्या लेटंटवर नॉइज (मॉडेल जो काढत काढत चित्र घडवतं तो मिसळलेला गोंगाट) घालायचा नाही आणि त्याची नॉइज-पातळी शून्य आहे हे मॉडेलला सांगायचं. त्यासाठी मूळ कोडमधली क्लिपभर एकच असणारी पातळी लेटंटगणिक वेगळी करावी लागते. बदल लहान आहे, पण तो विसरला तर पहिली फ्रेम आणि पुढची फ्रेम यांत रंगाचा झटका बसतो.

नवे थर शून्यापासून सुरू करा, म्हणजे पहिल्या दिवशी मॉडेल आधीसारखंच वागेल आणि हळूहळू कमांडकडे वळेल. २०२३ च्या कंट्रोलनेटमधली ही युक्ती अजून तितकीच कामाची आहे. मूळ मॉडेल पूर्ण हलवायचं तर ॲडमसारख्या पद्धतीत प्रत्येक पॅरामीटरला साधारण १६ बाइट लागतात, १.३ अब्जांना २१ जीबी. २४ जीबीच्या कार्डात मग बाकी कशाला जागा राहत नाही. म्हणून मूळ थरांना ३२ रँकचा लोरा (मूळ आकडे न हलवता जोडलेली लहान भर), नवे थर पूर्ण, ग्रेडिएंट चेकपॉइंटिंग (मेमरी वाचवायची रीत) चालू, आणि सगळ्या क्लिपचे लेटंट आधीच काढून डिस्कवर. नव्या थरांचा लर्निंग रेट लोराच्या काही पट ठेवता येतो, सुरुवात ०.०००१ पासून करून पाहा. वाक्य सगळ्या क्लिपना एकच ठेवा. ‘घड यशस्वीपणे उचलला’ असं वर्णन क्लिपला जोडलंत तर पुन्हा पेपर फुटला.

चित्र आडवं उलटवून डेटा दुप्पट करण्याची सवय इथे सोडायची. चित्र उलटलं आणि कमांड तशीच राहिली की निम्म्या क्लिपमध्ये डावं उजवं होतं. कडा कापणंही नको, कॅमेऱ्याची भूमिती बदलते. रंग-उजेड बदलायला हरकत नाही, फक्त पूर्ण क्लिपला एकच बदल लावा.

हाताची ढोबळ जागा नॉइज जास्त असतानाच ठरते, शेवटच्या पायऱ्यांत फक्त पोत भरला जातो. म्हणून ट्रेनिंगमध्ये जास्त नॉइजचे नमुने जास्त घ्या. आणि चूक मोजताना ग्रिपर व देठाच्या भागाला पाचपट वजन द्या. टेबल आणि भिंत यांनी चित्राचा बहुतेक भाग व्यापलेला असतो, मॉडेल तेवढंच सुधारून शाबासकी मिळवतं. दहा टक्के वेळा कमांड रिकामी ठेवा, म्हणजे व्हिडिओ काढताना कमांडचा जोर वाढवता येतो. जोर दीड ते तीनच्या मध्ये. त्याच्या वर गेलं की हिरवी द्राक्षं रंगपंचमीसारखी भडक होतात आणि हात थरथरतो.

आकड्यांच्या जोडीला चित्राचाही लगाम घालता येतो. हाताचं सीएडी मॉडेल घ्या, कमांडप्रमाणे वाकवा, कॅमेऱ्याच्या नजरेतून त्याची आकृती काढा आणि ती फ्रेमगणिक मॉडेलला द्या. डेटा कमी असताना याचा फार उपयोग होतो. त्यासाठी कॅमेरा आणि हात यांचं एकमेकांशी नातं नेमकं माहीत हवं. शारुको बोर्ड (बुद्धिबळाच्या पटासारखा छापील फलक) ग्रिपरमध्ये धरून २०-२५ जागा, प्रत्येक वेळी मनगट वेगवेगळ्या अक्षांत फिरवून, मग ओपनसीव्हीचं हँड-आय कॅलिब्रेशन. एकाच अक्षात फिरवत राहिलात तर उत्तर येतं पण चुकीचं. खरी कसोटी म्हणजे काढलेली आकृती खऱ्या चित्रावर ठेवून डोळ्यांनी बघणं. एसओ-१०१ सारख्या स्वस्त हातात सर्व्होच्या एका फेऱ्याला ४,०९६ पायऱ्या, म्हणजे ४० सेंटिमीटर लांबीवर एक पायरी ०.६ मिलिमीटर. कागदावर झकास. प्रत्यक्षात गिअरमधला ढिलेपणा आणि हात लांब केल्यावरचा झुकाव त्याहून जास्त असतो, आणि आकृती खऱ्या ग्रिपरपासून दोन-तीन पिक्सेल सरकलेली दिसते. एनव्हिडियाच्या कॉसमॉस ट्रान्सफरसारखी मॉडेल पूर्ण दृश्याची डेप्थ किंवा कडा घेऊन नवं चित्र रंगवतात. एकाच चित्रीकरणाचे वेगवेगळ्या उजेडातले प्रकार करायला ती उत्तम. नवी कमांड तपासायला मात्र तिथे पूर्ण दृश्य देता येत नाही, कारण घड उचलला की पडला हे त्या डेप्थमध्येच लिहिलेलं असतं. तपासणीसाठी फक्त हाताची आकृती द्या, घडाचं काय होतं ते मॉडेलने सांगू दे.

फसलेल्या क्लिप जपून ठेवा

सुरुवातीच्या त्या आपोआप उचलल्या गेलेल्या घडाचं औषध इथे आहे. चित्रीकरण करणारी माणसं फसलेला प्रयत्न पुसून टाकतात. तो पुसू नका, उलट मुद्दाम फसवा. चार-पाच क्लिपमागे एक तरी फसलेली हवी, आणि फसण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या हव्यात: ग्रिपर अलीकडे मिटला; वेळेआधी मिटला; देठ अर्धा धरला आणि वर नेताना सुटला; देठाऐवजी पानाचा तुकडा धरला; मण्यांना धक्का लागून मणीगळ झाली; क्रेटच्या कडेला हात अडला. याशिवाय एकच घड, त्याच जागी, आणि दहा वेगवेगळ्या हालचाली. पहिली फ्रेम तीच आणि निकाल दहा, असं दिसलं की मॉडेलला फरक कमांडमध्येच शोधावा लागतो. काही क्लिपमध्ये हात पाच सेकंद नुसता थांबवून ठेवा. शांत क्लिप कापून टाकण्याची पद्धत आहे, पण मग मॉडेलला ‘थांब’ म्हणजे काय ते कळत नाही.

प्लास्टिकचे घड सजावटीच्या दुकानात स्वस्त मिळतात आणि पावसाळ्यात कामाला येतात, पण फक्त हाताच्या हालचालीचा डेटा वाढवायला. त्यांचा देठ तारेचा असतो, घड लोंबत नाही, मणी गळत नाही. खऱ्या आणि प्लास्टिकच्या क्लिप मिसळल्या तर खरा घडही ताठ उभा राहू लागतो.

डेटा किती लागतो याचा अंदाज यावा म्हणून एक आकडा: मेटाच्या व्ही-जेपा २ ला (२०२५) हाताच्या हालचालींशी जोडण्यासाठी ड्रॉइड या खुल्या संग्रहातले ६२ तासांहून कमी व्हिडिओ पुरले. ते मॉडेल पिक्सेल रंगवत नाही, त्यामुळे थेट तुलना नको. एकच टेबल, एकच हात आणि एकच फळ असेल तर त्याहून पुष्कळ कमी तासांत आज्ञापालन येतं. पंधरा तास यशाचेच व्हिडिओ असण्यापेक्षा आठ तास आणि त्यातले दोन फसलेले, हे मी केव्हाही पसंत करेन.

ऐकतं की नाही, कसं तपासायचं

चित्राचा दर्जा मोजणारा एफव्हीडी इथे कामाचा नाही. चुकीच्या कमांडला सुंदर व्हिडिओ दिला तरी त्याचा गुण चांगलाच येतो. चाचण्या अशा घ्या.

शून्य चाचणी: सगळ्या कमांड ‘आहेस तिथेच राहा’. पाच सेकंदांत हात, घड, पनेट काहीही हललं तर बाकी काही तपासायच्या आधी ते दुरुस्त करा. दिशा चाचणी: एकाच पहिल्या फ्रेमवरून सहा दिशांना पाच-पाच सेंटिमीटर. तयार व्हिडिओत ग्रिपरच्या टोकाचा माग काढून कॅमेऱ्याच्या हिशोबाने अंतर मोजा. ग्रिपरवर एप्रिलटॅग (काळ्या-पांढऱ्या चौकोनांची खूण) चिकटवून तो ओळखू येईल अशी आशा नको, मॉडेल टॅगचे चौकोन विस्कटून टाकतं. सॅम २ सारख्या मॉडेलने ग्रिपर वेगळा काढून मोजणं जास्त भरवशाचं. कॅमेऱ्याच्या रोखाने जवळ-दूर जाण्यात चूक सगळ्यात जास्त निघते, ती मनगटाच्या चित्रावरून ताडा.

मग सगळ्यात महत्त्वाची: ट्रेनिंगला न दाखवलेल्या पन्नास फसलेल्या क्लिप घ्या, त्यांची पहिली फ्रेम आणि कमांड मॉडेलला द्या, आणि कितींमध्ये घड उचलला गेला ते मोजा. हा आकडा प्रत्येक चेकपॉइंटला (ट्रेनिंगच्या मध्ये मॉडेल साठवतात त्या टप्प्याला) फळ्यावर लिहा. लॉस (ट्रेनिंगमध्ये मोजलेली चूक) कमी होत जातो आणि हा आकडा मात्र तसाच राहतो, असं खूपदा दिसतं. तसं झालं की आधी वेळांची जुळणी बघा, मग फसलेल्या क्लिपचं प्रमाण.

शेवटी खऱ्या हाताशी ताळा. रोबोच्या सॉफ्टवेअरच्या चार-पाच आवृत्त्या, अगदी कच्चीपासून पक्क्यापर्यंत, खऱ्या टेबलावर आणि व्हिडिओत दोन्हीकडे चालवा. टक्केवारी जुळली नाही तरी चालेल, क्रम जुळला पाहिजे. ही चाचणी हंगामातच उरकावी लागते.

लांब व्हिडिओत मॉडेल भरकटतं, ते अपेक्षितच आहे. ८१ फ्रेम म्हणजे पाच सेकंदांच्या थोडं वर. पुढचा तुकडा शेवटच्या तयार फ्रेमवरून सुरू होतो आणि चुकीवर चूक साठत जाते: तिसऱ्या तुकड्यात मण्यांची संख्या बदलते, चौथ्यात घड जास्त हिरवा होतो. ट्रेनिंगच्या वेळी आधीच्या फ्रेमवर थोडा नॉइज घालून ठेवला तर मॉडेल खराब फ्रेमवरूनही सावरायला शिकतं. खरी पहिली फ्रेम सतत सोबत ठेवल्याने रंग टिकतो. तरीही एका घडाचं उचलणं-ठेवणं दोन-तीन तुकड्यांत बसवा आणि पुढचा घड पुन्हा खऱ्या फ्रेमपासून सुरू करा. हाताच्या मागे दडलेला घड बाहेर येताना वेगळाच होऊन येतो, यावर दुसऱ्या कॅमेऱ्याइतका चांगला उपाय अजून तरी दिसत नाही.

मार्चअखेर बागा रिकाम्या व्हायच्या आत एक शेवटचं चित्रीकरण करून ठेवा: थॉमसन, सोनाका आणि काळ्या जातींचे प्रत्येकी दहा घड, ताजे आणि देठ सुकलेले दोन्ही, प्रत्येकावर दहा हालचाली, त्यातल्या तीन फसलेल्या. त्या तीनशे क्लिप ट्रेनिंगमध्ये घालू नका. जूनपासून पुढे जे काही मॉडेल तयार होईल ते त्यांच्यावरच तपासायचं आहे.